बन्सीबाबांचं घमेलं

बन्सीबाबांचं घमेलं सकाळपासून सापडत नव्हतं, आणि ते कुणी दडवलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बन्सीबाबांनाही होतं. पण ठाऊक आहे असं एकदा म्हटलं की मुलाशी भांडावं लागलं असतं, आणि आजचा दिवस भांडणाचा नव्हता. आज त्यांचा नातू इंद्रजीत दीक्षा झाल्यानंतर पहिल्यांदाच पाळक म्हणून वेदीपाशी उभा राहणार होता. म्हणून ते आपले नुसतेच शोधत होते. जिन्याखाली बघून झालं, गच्चीवर टाकीपाशी बघून झालं, मोरीत दोनदा डोकावून झालं.

घमेलं काही सोन्याचं नव्हतं. जर्मनचं, एका बाजूनं पोचा आलेलं, काठाला झिजलेलं. पण चर्चच्या मंडळीचं प्रीतिभोजन असलं, मग तो नाताळ असो की ईस्टर, की बन्सीबाबा कमरेला पंचा बांधायचे, घमेलं काखेत मारायचे आणि पंगत उठली की एकेक उष्टं ताट उचलून, त्यातलं उरलंसुरलं घमेल्यात पाडत ओळीनं पुढं जायचे. चर्चमधल्या लहान पोरांना ही एक नेमणूकच वाटे. पाळक, सेक्रेटरी, खजिनदार आणि बन्सीबाबा.

“केसर, घमेलं कुठं गेलं गं?”

केसरबाई भाकरी थापत होत्या. प्रीतिभोजन असलं तरी सकाळी पोटाला काहीतरी लागतंच, या मतावर त्या ठाम होत्या. “मला कायला इचारता? ज्यानं नेलं त्याला इचारा की.”

ज्यानं नेलं होतं तो तेवढ्यात कडक इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला. अतुल चितेगावच्या एका कंपनीत मॅनेजर होऊन निवृत्त झाला होता आणि गेली काही वर्षं मंडळीचा सेक्रेटरी होता. कंपनीत लागला त्या दिवसापासून त्याच्या तोंडातलं ‘व्हय’ आणि ‘नाय’ गेलं ते गेलंच. गारखेड्यात हे घर बांधलं तेव्हा गवंड्याशीसुद्धा तो पुस्तकातल्यासारखं बोलला होता.

“बाबा, कपडे बदला. आज तुम्ही पहिल्या ओळीत बसणार आहात.”

“बसतो की. उपासनेला बसतो.”

“आणि पंगतीलाही. ताटं उचलायला केटररकडून दोन बायका सांगितल्यात मी.”

बन्सीबाबा पायरीवर थांबले. “मंडळीत मजुरीनं उष्टं उचलत्यात व्हय आता?”

“सगळीकडे तसंच असतं.” अतुलनं आवाज खाली ठेवला होता, पण तो ठेवलेला आहे हे कळत होतं. “आणि आज तात्यासाहेब येणार आहेत. तुम्हीच बोलावलंत. त्यांच्यासमोर कमरेला पंचा गुंडाळून फिरणार तुम्ही? त्यांना काय दिसेल, विचार केलाय? जे त्यांनी आयुष्यभर पाहिलं तेच दिसेल.”

“ते त्यांचं अंगण व्हतं. ह्ये देवाचं घर हाय.”

“बघणाऱ्याला अंगण दिसत नाही बाबा. माणूस दिसतो.”

“तिथं मला उचलावं लागायचं,” बन्सीबाबा म्हणाले. “हितं मी उचलतो.”

“हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. त्यांना कोण समजावून सांगणार? मी? पंगतीत उभा राहून?”

अतुलची बायको सरिता चहाचे कप घेऊन मध्येच आली. या घरात आल्यापासून बापलेकांच्या मध्ये चहा घेऊन येण्यात तिची हयात गेली होती. “बाबा, आजच्या दिवस ऐका ना. फोटो निघतील. इंद्रजीतसाठी तरी.”

इंद्रजीतचं नाव निघाल्यावर बन्सीबाबांनी वाद सोडला. त्यांनी चहा घेतला आणि ओसरीवर जाऊन बसले. घमेलं त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, अतुलच्या गाडीच्या डिकीत, जुन्या चादरीखाली होतं.

अतुलचा राग बापावर नव्हताच. तो राग पिशोरकडच्या त्यांच्या मूळ गावातला होता, तिथल्या बड्या घरच्या तात्यासाहेबांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नातला. धोंडिबानं, म्हणजे बन्सीबाबांच्या वडिलांनी, बाप्तिस्मा घेऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या बाप्तिस्म्याची गोष्ट या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की आता ती ज्याला त्याला स्वतःच पाहिल्यासारखी वाटते. पण गावाला त्या बाप्तिस्म्याशी काही देणंघेणं नव्हतं. पंगती उठल्या की धोंडिबाच्या घराला सांगावा यायचा, आणि बन्सी जायचा. त्या लग्नात लहानगा अतुल मांडवाच्या कडेला उभा राहून बाप वाकतोय, उचलतोय, पुन्हा वाकतोय, हे बघत राहिला. संध्याकाळी घरी टोपल्यातून उष्टी बुंदी आली. भावंडांबरोबर अतुलनंही ती खाल्ली, आणि ती फार गोड लागली. बाप वाकलेला विसरता आला असता. बुंदी गोड लागली होती, हे त्याला साठी उलटून गेली तरी विसरता आलं नाही. त्यामुळे चर्चच्या पंगतीत लोक ‘बन्सीबाबांसारखा नम्र माणूस नाही’ म्हणायचे तेव्हा अतुल सगळ्यांबरोबर मान डोलवायचा आणि आतून जळायचा.

ओसरीवर केसरबाई नवऱ्यापाशी येऊन बसल्या. ठेवणीतलं लुगडं, चष्मा, हातात रुमाल. निघायला अजून वेळ होता.

“फुगून बसलात जणू.”

“कोण फुगलंय?”

“पोरगं म्हनतंय तर बसा की एक दिवस.”

“तू बी त्याच्याकडनं झालीस?” बन्सीबाबांना खरंच धक्का बसला. जन्मभर ही बाई भांडली तरी त्यांच्या बाजूनं भांडली होती. “अगं, प्रभूनं कमरेला रुमाल बांधला, चेल्यांचे पाय धुतले. मला काय परवचन करता येत नाय, शिकलो नाय. मला येतंय ते येवढंच. त्याची बी लाज वाटती तुमाला?”

“मला लाज नाय वाटत.” केसरबाईंनी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. “मी काय म्हन्ते ते ऐका. मागल्या नाताळाला त्या संध्यानं ताट उचललं. दवाखान्यात नर्स हाय ती, रात्रपाळी करून आल्ती. तुमी काय केलं?”

“काय केलं?”

“हिसकलं तिच्या हातातनं. म्हनलात, ह्ये माजं काम हाय.”

हिसकलं होतं खरं. आणि हिसकल्यावर आजूबाजूच्या चार माणसांनी ‘वा बन्सीबाबा’ म्हटलं होतं, आणि ते ऐकायला बरं वाटलं होतं, हेही बन्सीबाबांना आठवलं.

“तुमी उचलता ते चांगलंच हाय,” केसरबाई म्हणाल्या. “पर आता लोकांनी बघावं म्हनून बी उचलता तुमी. तात्यासाहेबाला कायला बोलावलं? त्यानं आपल्यात बसून जेवावं म्हनून? का त्यानं बघावं, की बन्सी आता आपल्या खुशीनं उचलतो म्हनून?”

“केसर...”

“मला नका सांगू. देवाला सांगा.” मग त्या जरा मऊ झाल्या. “त्या एका चेल्यानं पाय मागं घेतले व्हते की नाय? म्हनला, तुमी माजे पाय धुवायचे नाय. तुमी त्याच्यावानी करता. दुसऱ्याचं करायचं तर लई पुढं. तुमचं कुनी करायला आलं की पाय मागं.”

गाडीचा हॉर्न वाजला. बन्सीबाबा उठले. काठी विसरले, परत आले, घेतली. गाडीत बसताना ते अतुलला एवढंच म्हणाले, “बसतो मी पंगतीला. उठनार नाय. जबान देतो.”

अतुलला हवं ते मिळालं होतं. तरी बापाचा चेहरा आरशात बघून त्याला काही आनंद झाला नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत इंद्रजीत पांढरा झगा घालून उभा होता आणि प्रवचनाचे कागद पुन्हा पुन्हा लावत होता. अतुलनं पुढं होऊन त्याची कॉलर नीट केली.

“बाबांनी घमेलं आणलं?” इंद्रजीतनं विचारलं.

“आज नाही. आज ते बसणार आहेत.”

“का?”

“तू उपासनेकडे लक्ष दे.”

“पप्पा, तुम्ही काढून घेतलंत?” अतुल पुन्हा कॉलरच सारखी करायला लागला, तेव्हा इंद्रजीतच बोलला. “मला दीक्षेच्या वेळी विचारलं होतं, पाळक का व्हायचंय. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. खरं उत्तर हे होतं, की लहानपणी मला वाटायचं, चर्चमध्ये सगळ्यात मोठा माणूस तोच, ज्याच्या हातात घमेलं असतं. त्याच्या मागं मागं मी इथवर आलो.”

“तुला ते वरून दिसलं,” अतुल म्हणाला. “मी ते खालून बघितलंय.”

तेवढ्यात घंटा झाली आणि बोलणं तिथंच राहिलं.

उपासना चांगली झाली. इंद्रजीत प्रवचनात एकदा अडकला, पण पहिल्या ओळीत आजीनं मान हलवून ‘चालू दे’ म्हटलं आणि गाडी पुढं निघाली. प्रभुभोजनाच्या वेळी नातवाच्या हातून भाकर घेताना बन्सीबाबांचे डोळे भरून आले.

आवारात लिंबाखाली मांडव घातला होता. सतरंज्यांवर पंगती, आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी कडेला खुर्च्या आणि लांब टेबलं. सरिता पदर खोचून वाढपाकडे बघत होती. मटणाच्या खलियाची पातेली उघडली तसा सगळ्या आवारात वास सुटला.

तात्यासाहेब रिक्षानं आले. तेही आता मुलाकडे गारखेड्यातच राहायचे आणि रोज सकाळी बागेतल्या बाकावर बन्सीबाबांच्या शेजारी बसायचे. दोघांनाही गुडघे, दोघांनाही साखर, आणि गावातलं ओळखीचं आता फारसं कुणी उरलेलं नाही. अतुल सेक्रेटरी म्हणून पुढं झाला, हात जोडले, पहिल्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर बन्सीबाबांना बसवलं. मग दोन पावलं मागं सरकून त्यानं त्या दोन खुर्च्यांकडे एकदा बघून घेतलं. एकाच उंचीच्या होत्या.

सरिता ताटं मांडताना त्याच्यापाशी आली. “अहो, त्या बायका बोलल्या माझ्याशी. केटररच्या. दोघी आपल्या कन्नड-पिशोरकडच्याच आहेत.”

“बरं मग?”

“काही नाही. त्यातली एक विचारत होती, उरलेला भात घरी न्यायला मिळेल का. मुलं आहेत म्हणाली.” सरिता जरा थांबली. सकाळी ती नवऱ्याच्या बाजूनं बोलली होती आणि तेव्हा तिला ते बरोबरच वाटलं होतं. “आपलं उष्टं उचलणं सुटावं म्हणून त्या बायकांना सांगितलं आपण. कुणाचं सुटलं मग?”

“सरिता, आज नको.”

“बरं,” ती म्हणाली आणि पळ्या मोजायला निघून गेली. पण अतुलची भूक गेली ती गेलीच. तो पाण्याचा जग हातात घेऊन उगाच फिरत राहिला. डोक्यात बुंदीचं टोपलं होतं, आणि ते कुणाच्या तरी घरी चाललं होतं.

बन्सीबाबा जेवले. जेवणात लक्ष नव्हतं, पण सांडलं काही नाही. समोर पंगत उठायला लागली आणि त्यांचे पाय खुर्चीखाली चुळबुळायला लागले. एवढी ताटं, आणि आपण बसून. त्या दोघी बायका लांबच्या टोकाला वाकून वाकून उचलत होत्या. ‘उठनार नाय’, त्यांनी स्वतःला बजावलं. हात धुऊन झाले होते, टेबलावरचं ताट उचलून मांडीवर घेऊन ते बसले होते. ते कुठं ठेवायचं हे त्यांना कळेना. त्यांच्या पुढचं ताट आजवर दुसऱ्या कुणी उचललं नव्हतं. घरी स्वतः उचलायचे, बाहेर दुसऱ्यांचं उचलायचे.

तात्यासाहेबांचं जेवण झालं. खूष होते. कुणाशी तरी खलियाचं कौतुक करत करत त्यांनी तोंड पुसलं, आणि मानही न वळवता डाव्या हातानं ताट बन्सीबाबांकडे सरकवलं.

“बन्स्या, उचल रे.”

आसपासची माणसं वळून बघायला लागली. वाढणारी पोरं थबकली. केसरबाईंच्या हातातला रुमाल तसाच राहिला. तात्यासाहेबांना आधी काही कळलंच नाही. सगळे आपल्याकडे का बघताहेत, म्हणून ते इकडेतिकडे बघायला लागले.

बन्सीबाबांचा हात निघाला होता. हात ऐकत नाहीत, त्यांना सवय असते. ताटाच्या काठाला बोटं लागली, आणि मग त्यांनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.

“आज नाय तात्यासाहेब,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “आज मी जेवाया बसलोय.”

मग तात्यासाहेबांना कळलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एवढा एका क्षणात पडलेला कुणी पाहिला नसेल. “बन्सी, अरे... तोंडातनं गेलं रे. चुकलं माझं.” ते स्वतःचं ताट उचलून उठायला गेले. गुडघ्यानं दगा दिला, ते परत बसले, ताटातला रस्सा धोतरावर सांडला. पुन्हा उठायला गेले.

लोक आता अतुलकडे बघत होते. सेक्रेटरी काय करतो, हे सगळ्यांना बघायचं होतं, आणि काय करायचं हे सेक्रेटरीला आयुष्यभर माहीत होतं. हा क्षण त्यानं किती वेळा मनात रंगवला होता. काय बोलायचं, कुठल्या शब्दांत, शेवटचं वाक्य कोणतं, सगळं तयार होतं. तो समोर येऊन उभा राहिला. बघितलं तर एक म्हातारा धोतरावरचा रस्सा हातानं पुसत होता, आणि दुसरा आपलं ताट मांडीवर धरून बसला होता, पाहुण्याच्या घरी लहान मूल बसतं तसा.

अतुलनं जग खाली ठेवला. आधी तो बापापुढं वाकला.

“बाबा, द्या.”

“आं?”

“ताट द्या.”

“नको नको. मी ठेवतो की माजं.” बन्सीबाबांनी ताट घट्ट धरलं. अतुलनं दुसऱ्या बाजूनं धरलं. क्षणभर दोघंही सोडेनात. सगळी मंडळी बघत होती, आणि बापलेक एका उष्ट्या ताटाला दोन बाजूंनी धरून उभे-बसले होते.

“अवो,” केसरबाई पलीकडून म्हणाल्या, “सोडा की आता.”

बन्सीबाबांनी बोटं सैल केली. ताट गेलं. त्यांना उघडं पडल्यासारखं झालं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे होते तरी ते सुचलं नाही.

अतुल तात्यासाहेबांकडे वळला. त्याचे कान तापले होते.

“तुम्ही सांगितलं म्हणून घेत नाहीये मी,” तो म्हणाला. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“व्हय रे बाबा,” तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. “मला समजलं.”

अतुलनं त्यांचं ताट घेतलं. त्यात अर्धी नान होती, चार हाडं होती, कडेला ढकललेला कांदा होता. एवढंच होतं. आयुष्यभर ज्याची लाज बाळगली ते इतकं हलकं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्याच्या शेजारचं ताट घेतलं. मग त्याच्या पुढचं. पाचव्या ताटाशी हात भरले आणि रस्सा मनगटावरून इस्त्रीच्या बाहीत उतरला. तो थांबला, आणि खिशाकडे मानेनं खूण करून सरितेला म्हणाला, “किल्ली घे. डिकीत चादरीखाली घमेलं आहे. आण.”

सरिता जवळजवळ पळतच गेली. झगा काढून ठेवायलाही न थांबता इंद्रजीत ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाकला. त्या दोन बायकांपैकी एकीच्या हातातली चळत त्यानं घेतली आणि म्हणाला, “ताई, तुम्ही जेवून घ्या आधी. गरम आहे तोवर.” ती कुणी तरी रागवेल म्हणून इकडंतिकडं बघत राहिली. शेवटी संध्यानं तिला हाताला धरून पंगतीत बसवलं, दुसरीलाही बोलावलं, आणि स्वतः वाढायला घेतलं.

घमेलं आलं. अतुल बापाच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि पहिलं ताट त्यात पाडायला लागला. सवय नव्हती, भात बाहेर सांडत होता, हाडं आणि नान एकात मिसळत होती. बन्सीबाबांचे गुडघे दोनदा हलले. दोनदा त्यांनी केसरबाईंकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा केसरबाईंनी डोळ्यांनीच ‘बसा’ म्हटलं. ते बसले. त्यांनी जन्मात केलेल्या कामांत हे काम सगळ्यात अवघड होतं. पण अगदीच न बोलता राहवेना.

“हाडं येगळी काढ,” ते खाली वाकून हळूच म्हणाले. “मागं कुत्री असत्यात, त्यांना घालायची.”

अतुलनं घमेल्यात हात घातला आणि हाडं वेचायला लागला. मान वर न करता तो म्हणाला, “व्हय, बाबा.”